उघडं शिसं आणि सावरीचा कापूस

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं गॅरेजात बसून काडतुसं भरत होतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. बर्फ पडायच्या बेतात होतं, पण पडत नव्हतं. हीटर लांब दाराशी ठेवलेला, कारण दारूजवळ आच आणायची नाही हे माझ्या हाडात आहे. माझ्या बायकोनं, पारबतानं, लुगड्यावर आमच्या पोराचा, आनंदचा, जुना कोट चढवला होता, कानाला मफलर, मांडीवर माहेरची उशी आणि हातात बॅटरी.

मी काट्यावर बंदुकीची दारू तोलायची, नरसाळ्यातून पितळी पुंगळीत सोडायची आणि पुंगळी तिच्यासमोर सरकवायची. तिनं बॅटरी मारून आत डोकवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "पाह्यलं." मग उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर सावरीचा कापूस काढून काडीनं आत बसवायचा. मग मी वर शिशाची गोळी दाबायची. ती "पाह्यलं" म्हणाल्याशिवाय पुढच्या पुंगळीला हात लावायचा नाही, हा आमचा कायदा.

चाळीस झाल्यावर तिनं खांदा चोळला. "खांदा भरून आला अवो."

"परवा बंदूक उडवलीस, तिचा धक्का असेल. थांब, राहिलेल्या दहा आणखी हलक्या करतो." मी काट्याचं वजन केसभर मागं घेतलं.

"आता काय नुसती फुंकर भरता?" ती हसली.

उरलेल्या दहा झाल्या. ती उठली, म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. मी शेवटची गोळी दाबली. आतून कप फुटल्याचा आवाज आला. मी उठलो तसा माझा कोपर लाकडी ठोकळ्याला लागला आणि पन्नासच्या पन्नास काडतुसं सिमेंटवर सांडली. त्यांना ओलांडून मी आत पळालो. दिवेलागणीला हॉस्पिटलात ती संपली होती.

कोणता खांदा, हे मी विचारलंच नव्हतं. बंदूक ती उजव्या खांद्याला लावायची. दुखत होता तो डावा. ते मला अँब्युलन्समध्ये समजलं.

माणसं येतात, म्हणतात, "काका, तुमची काही चूक नाही." मी म्हणतो, आहे. पन्नास वर्षांच्या संसारातलं माझ्याकडं उरलं काय, तर एक चूक. तीही काढून घेता का?

आज पुन्हा तो सोमवार आला. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. शाळांना सुट्टी असते. पेट्रोल पंपावर पहाटे पाचला नारिंगी जाकिटांची रांग लागते. स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या गावात विद्यापीठाच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या पोरांना हे माहीतही नसतं, ती रजया ओढून झोपलेली असतात. पण आम्ही गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याला. उजाडलं की कड्यावरून आवाज सुरू होतात. एक इकडं, दोन तिकडं, मग जरा शांत, मग पुन्हा. मोठ्या भरतीच्या गोळ्यांचे आवाज. मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकतो कुठली पुंगळी आणि गोळी किती जोरात निघाली. तीस वर्षं मी तेच केलं आहे. भरलं आहे म्हणजे. उडवलं कधीच नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. नागपूरकडच्या एका दारूगोळा कारखान्यात मी भरणी खात्यात कामगार होतो. लाखो काडतुसं हाताखालून गेली, पण बंदूक चालवायला मिळाली नाही. स्वयंपाक्याला घास न देणारं लग्न असतं, तशातली गत. निवृत्त झालो, आनंदनं कागद केले आणि त्र्याण्णव साली आम्हाला इकडं आणलं. आनंद माझा एकुलता एक, विद्यापीठात इंजिनिअर. पोरगा सोन्यासारखा. पण त्याला वाटतं आईबापांना इकडं आणलं म्हणजे त्यांना उबदार खोलीत ठेवायचं, बस. कुंडीतल्या झाडासारखं.

वॉल्ट आमचा शेजारी. माझ्याच वयाचा, लेथवर जन्म घालवलेला, बायको दहा वर्षांपूर्वी गेलेली. मला इंग्रजी येत नाही आणि त्याला इंग्रजीसुद्धा बोलायचं जिवावर येतं, म्हणून आमचं जमलं. एक दिवस त्याच्या शेडमध्ये मी काडतुसं भरायचं दाबयंत्र पाहिलं. मी पुंगळी उचलली, तोंड पाहिलं, बूड पाहिलं, नख फिरवलं आणि एक बाजूला काढून ठेवली. तडा होता. त्यानं भिंग आणून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग दुसरं स्टूल ओढलं. ओळख झाली, संपलं.

बंदूक मात्र मला नको होती. बंदूक पारबताला पाहिजे होती.

हे आमच्या लोकांना पचत नाही. विहारात एका शिकलेल्या डॉक्टरानं मला बाजूला घेतलं. "काका, आपण बौद्ध. पहिलंच शील प्राणिहत्येचं. आणि तुम्ही आजींच्या हातात रायफल देता? हाऊ डज इट लुक?"

पारबता मागंच उभी होती. म्हणाली, "डॉक्टर साहेब, मी कागदी प्लेटा मारते. तुमी काल चिकन खाल्लं का नाई?"



तिचा बाप गावात हाक्याला जायचा. मालगुजाराचे पाहुणे शिकारीला आले की महारवाड्यातली माणसं पहाटे उठवायची, रानात एका बाजूला रांगेनं उभी करायची आणि थाळ्या-डबे वाजवत, ओरडत जनावर दुसरीकडं बसलेल्या बंदुकांपुढं हाकून आणायचं. मजुरी म्हणजे कधी मूठभर ज्वारी, कधी नुसती शिवी. एकदा एका पाहुण्याचे छर्रे तिच्या बापाच्या पोटरीत गेले. पाहुणा म्हणाला, मध्ये कशाला आला? बाप जन्मभर लंगडला. मेलेलं डुक्कर खांद्यावर वाहून आणायचं, पण बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली असली तरी तिच्याजवळून जायचं नाही. सावली पडेल. पारबता तेव्हा सात-आठ वर्षांची. तिनं हे मला लग्नानंतर पाचेक वर्षांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "एकदा तरी ते लाकूड खांद्याले लावून पाहायचं हाय मले." मी कारखान्यात, रोज हजार काडतुसं भरणारा, आणि बायकोची ही एवढी हौस मला चाळीस वर्षं पुरी करता आली नाही. देश बदलावा लागला.

वॉल्टकडं त्याच्या तरुणपणीची थर्टी-ओ-सिक्स रायफल होती. लांब, जड, अक्रोडाच्या दस्त्याची. त्यानं पहिल्यांदा तिच्या हातात दिली तेव्हा तिनं आधी दस्त्यावरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. मग खांद्याला लावली. पण आदल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तिच्या उजव्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. त्या बंदुकीचं बाजारचं काडतूस म्हणजे घोड्याची लाथ. वॉल्टनं मान हलवली. नो, बॉस. तिचं नाव त्याला कधी जमलं नाही, पहिल्या दिवसापासून तो तिला बॉसच म्हणायचा.

त्या रात्री ती जेवली नाही.  सकाळी मी वॉल्टच्या शेडमध्ये गेलो आणि दारूच्या डब्याकडं बोट दाखवून दोन बोटांत चिमूट करून दाखवली. कमी. लिटल. सॉफ्ट.

वॉल्ट म्हणाला, "हं." मग त्यानं एक फाटकं पुस्तक काढलं.

कमी दारू म्हणजे कमी धोका, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. कमी दारूचे स्वतःचे नखरे आहेत. पुंगळी मोठी आणि दारू चिमूटभर. आडवी धरली की दारू पोटात लोळत पडते, बुडाकडची ठिणगी तिला नीट धरत नाही. कधी धाडकन, कधी फुस्स. शिवाय दारू इतकी थोडी की चुकून दोनदा ओतली तरी पुंगळीत मावते आणि वरून कळत नाही. पूर्ण भरतीची दोनदा ओतली तर सांडून तुमची चूक तुम्हाला सांगते. हलकी भरती सांगत नाही. म्हणून पुस्तकात असेल तेवढंच आणि तशीच दारू, आपलं डोकं चालवायचं नाही.

मी चालवलं. तीस वर्षांचा माज होता.

गोळ्या आम्ही तीन तऱ्हेच्या आणून पाहिल्या. एक अगदी वाटोळी, वाटाण्याएवढी, तिला पारबता वाटाणाच म्हणायची. कागदावर बिचारी कुठंही जाऊन बसायची. दुसरी उघड्या शिशाची, बोथट नाकाची. ती वॉल्ट स्वतः साच्यात ओतायचा, गाड्यांच्या चाकांवरची शिशाची वजनं वितळवून. आणि तिसरी बाजारची, तांब्याचा अंगरखा घातलेली, टोकदार, चकचकीत. माझा जीव त्या तिसरीवर गेला, कारण कारखान्यात आम्ही तीच भरायचो. वॉल्ट म्हणाला, हलक्या भरतीला ती नको. मी मनात म्हटलं, यानं आयुष्यात भरली किती आणि मी भरली किती.

त्याच्या कोठाराच्या मागं मातीचा उंच बांध आहे, त्यापुढं कागदी प्लेट टांगलेली. वॉल्ट घरात कॉफी आणायला गेला होता. मी बंदूक उडवली. आवाज आला, पण कसा, तर सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. प्लेटला भोक नाही. मला वाटलं, नेम चुकला. खटका मागं ओढला, पुंगळी उडाली, दुसरं काडतूस घातलंच होतं, आणि पारबतानं माझं मनगट धरलं.

"थांबा. आवाज फुसका आला."

"नेम चुकला ग."

"नेम नाई, आवाज. मातीतूनबी काई उडालं नाई. आत अडकलं असन."

काडतूस काढलं, बंदूक मोकळी केली आणि नळीतून पाहिलं. पलीकडचा उजेड दिसेना. तांब्याची गोळी अर्ध्या नळीत रुतून बसली होती. मागून दुसरी आली असती तर नळी फाटली असती आणि तिच्यामागं माझं तोंड होतं. वॉल्टनं तेल सोडून पितळी गजानं ठोकून ठोकून ती बाहेर काढली.  पारबताकडं पाहून टोपी काढली.

मी तीस वर्षं दारू भरली आणि तिनं तीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या, पोराचा खोकला आणि माझ्या सायकलचा ब्रेक ऐकला. जीव तिच्या कानानं वाचला.

तेव्हापासून आम्ही उघड्या शिशाचे झालो. मी यावर बराच विचार केला आहे, चौथी पास माणूस जेवढा करू शकतो तेवढा. तांब्याच्या अंगरख्याच्या गोळीला रेटा लागतो. मागून जोर कमी पडला की ती मध्येच अडकते आणि मागच्यांचीही वाट बंद करते. उघडं शिसं मऊ असतं, जरा घाण करतं, नळी पुसावी लागते, पण थोडक्या जोरावर पार जातं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चकचकीत बोलणारी माणसं पाहिली की मला ती नळी आठवते. कोणी मेलं की ती म्हणतात, "सॉरी फॉर युवर लॉस, काका, टाइम विल हील." अर्ध्या नळीत. माझी भाषा शिशाची आहे. घाण करत असेल.

त्यानंतरच्या तीन हिवाळ्यांत आम्ही काय सुखी होतो! वॉल्ट शेडबाहेर शिसं वितळवायचा तेव्हा त्यावर साय यायची, दुधावर येते तशी, निळी-जांभळी. पारबता लांब, वाऱ्याच्या पाठीला उभी राहून ती साय पाहायची. ओतलेल्या गोळ्या गार झाल्या की थाळीत घेऊन निवडायची, तांदळातले खडे निवडावे तशा. सुरकुती दिसली की बाजूला. "हा खडा. हाबी खडा." वॉल्ट म्हणायचा, बॉस, ती चालेल, कागदच तर मारायचाय. ती मराठीत म्हणायची, "चालन तर तुमच्या घरी चालन." त्याला कळायचं. सुरकुतलेल्या परत भांड्यात जायच्या.

पुंगळीच्या पोटात दारू लोळू नये म्हणून वर काहीतरी हलकं भरावं लागतं. पुस्तकात काय लिहिलं होतं ते वॉल्टनं दाखवलं तेव्हा मी हसायलाच लागलो. सावरीचा कापूस! आणि तो आमच्या घरात, तिच्या डोक्याखाली. तिच्या आईनं परसातल्या सावरीच्या झाडाची बोंडं फोडून भरलेली उशी. लग्नात आली, चाळीत आली, मग सूटकेसचं वजन वाढतंय म्हणून आनंद ओरडत असताना विमानातूनही आली. त्या उशीचा एक कोपरा तिनं स्वतःच्या हातानं उसवला. मी म्हटलं, नको ग, दुसरा आणू. म्हणाली, "बाबाले बंदुकीजवळ जाऊ दिलं नाई. बाबाच्या परसातला कापूस तर जाऊ द्या आत."

ज्या दिवशी ती पहिल्यांदा उडवणार, त्या दिवशी मी आणि वॉल्ट तिच्या दोन बाजूंना उभे. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, लुगड्याचा पदर कोटात खोचलेला. तिनं घाई केली नाही. आवाज झाला, नीट, भरल्या पोटाचा आवाज. प्लेटच्या कडेला भोक पडलं. बंदूक तिच्या खांद्यावर जरा हलली, लेकरू झोपेत हलतं तेवढीच. तिनं बंदूक खाली ठेवली आणि जमिनीवर बसून रडली. वॉल्ट घाबरला, खांदा लागला का, खांदा? मी म्हटलं, नो, नो शोल्डर. फादर.

आणि हरणं. हरणांनी आमची मेथी, कोथिंबीर, वालाचा वेल, काही ठेवलं नाही. पारबता त्यांना मराठीत शिव्या द्यायची, त्यातल्या काही मी इथं लिहिणार नाही. वॉल्ट म्हणाला, मार ना एक, परवाना काढून देतो. ती म्हणाली, "मी काहून मारू? पोटाले खातात." उलट हंगामाच्या पहिल्या सोमवारी, उजाडायच्या आधी, ती परसात जायची आणि स्टीलची थाळी चमच्यानं बडवत सुटायची. हरणं झाडीतून उठून रस्त्यापलीकडच्या टेकाडावर पळायची, तिकडं शिकारीला बंदी आहे. बापानं हाका दिला तो बंदुकांकडं. लेकीनं दिला तो बंदुकांपासून लांब. आनंद खिडकीतून म्हणायचा, "आई, प्लीज, नेबर्स कम्प्लेन करतील." वॉल्टच नेबर होता. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याची शिकार सुटली होती. तो नारिंगी जाकीट तेवढं घालायचा, सवय म्हणून. तो अंगणात उभा राहून हसायचा. मग सात वाजता तो थर्मास घेऊन गॅरेजच्या दाराशी यायचा, आदल्या दिवशी भरलेला डबा उचलायचा आणि आम्ही तिघं बांधाकडं जायचो. सगळा तालुका डोंगरावर हरणामागं आणि आम्ही तिघं कागदी प्लेटांपुढं. तीच आमची शिकार.

यंदा आनंद म्हणाला, "बाबा, आता ते सगळं बंद करू. प्रेस, पावडर वॉल्टला देऊ. रायफल सेल करू. ह्या वयात, एकटे... लोक बोलतात."

लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बायको मेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गॅरेजात हातोडा आपटत बसला होता. अंगात काही आलं होतं. डोकं फिरलं होतं. मयतीच्या घरी असं कोणी करतं का?

मी आनंदला म्हटलं, "रायफल वॉल्टची आहे, ती विकणारा तू कोण? आणि एकटा मी काही भरत नाही."

खरंच भरत नाही. कारखान्याचा नियम होता, भरणाऱ्यानं तपासायचं नाही. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. आता वॉल्ट भरतो आणि मी तिच्या स्टुलावर बसून बॅटरी मारतो. मी "पाह्यलं" म्हणाल्याशिवाय वॉल्ट पुढच्या पुंगळीला हात लावत नाही. त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही, पण एकदा मी "ओके" म्हणालो तर तो तसाच हात धरून थांबला, बरोबर शब्द येईपर्यंत. आणि आज सकाळी उजाडायच्या आधी मी परसात जाऊन थाळी बडवली. चांगला अर्धा तास. लोकांना बोलू द्या.

पण त्या सकाळचं सांगतो. ते मीच सांगायला हवं.

हॉस्पिटलातून आम्हाला घरी आणलं होतं. घर माणसांनी भरलेलं, पांढरी साडी कुठून मिळेल, भन्ते कधी येतील, फ्युनरल होमला किती वाजता जायचं, सगळं कोणीतरी ठरवत होतं. मी उजाडताना उठलो. डोंगरावरून पहिला आवाज आला. आणि मला एकदम आठवलं, काडतुसं.

पन्नास काडतुसं सिमेंटवर पडलेली. त्यातल्या दहा पुंगळ्या मी ऐन वेळी काट्याचं वजन सरकवून भरलेल्या. आणि त्या दहांतल्या शेवटच्या दोन-तीनांना ती "पाह्यलं" म्हणाली होती का, की मीच धरून चाललो, ते मला काही केल्या आठवेना. तिचा खांदा दुखत होता. बॅटरी मारली असेल, नसेल. एखादी रिकामी गेली असेल. एखादीत दोनदा पडली असेल. आणि आता त्या सगळ्या एकात एक मिसळलेल्या. बाहेरून पन्नासही सारख्या. आणि रविवारी वॉल्ट बाहेरगावी होता, त्याला काही माहीत नव्हतं. सात वाजता तो येणार, पडलेली काडतुसं डब्यात भरून उचलणार.

वॉल्टला नुसतं सांगून भागलं असतं, हे खरं. डबा माळ्यावर ठेवून दिला असता. आठवण म्हणून काचेत ठेवला असता, बायकोच्या हातचं शेवटचं काम. मीही एक मिनिट दारात तसाच उभा होतो. तिच्या बोटांनी बसवलेला कापूस प्रत्येकात होता. पण संशयाचं काडतूस ठेवायचं नसतं. आज मी आहे, उद्या मी नाही, कोणीतरी डबा उघडतं. कारखान्यात एका पुंगळीचा संशय आला की सबंध खेप फोडायची. तिथं मी परक्यांसाठी हे केलं. तिच्या नावावर एखाद्याचा डोळा जाऊ देऊ?

बसून सगळी गोळा केली. पन्नास मोजली. गोळी काढायचं एक अवजार असतं, पोकळ डोक्याच्या हातोड्यासारखं. काडतूस त्यात अडकवायचं आणि जमिनीवर आपटायचं, की झटक्यानं गोळी सुटते. पहिलं आपटलं. आतून कोणीतरी, "काका!" म्हणून धावत आलं. मी म्हटलं, जा आत. दुसरं आपटलं.

सात वाजता वॉल्ट आला. नारिंगी जाकीट, हातात थर्मास. "बॉस कुठं आहे? आज थाळी ऐकली नाही."

मी म्हटलं, "बॉस गॉन."

 डोंगरावर धडाधड चाललं होतं. त्यानं टोपी काढली, थर्मास खाली ठेवला, आणि जाऊन तिच्या स्टुलावर बसला. तिथं तिची बॅटरी पडलेली होती. ती उचलून पेटवली आणि माझ्यापुढं हात पसरला. दे.

मग मी आपटायचं, गोळी काढायची, चिमट्यानं कापूस काढायचा आणि पुंगळी त्याला द्यायची. तो आत पाहायचा, दारू काट्याच्या ताटलीत ओतायचा, वजन मला दाखवायचा. आनंद दारात आला. "बाबा, काय करताय? माणसं बघताहेत." मग त्यानं वॉल्टचं तोंड पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसला.

पन्नास. चाळीसांत एकसारखी भरती, दहांत केसभर कमी. रिकामी एकही नाही. दोनदा भरलेली एकही नाही. कापूस पन्नासांतही सारखा, एवढीशी चिमूट, दारूला नीट टेकवलेला. खांदा फुटत असताना बाईनं एक पुंगळी सोडली नव्हती. संशय माझा होता, काम तिचं चोख होतं.

दारू वॉल्टनं नेऊन त्याच्या शेतात पसरून टाकली. कापसाचे पन्नास पुंजके माझ्यापुढं थाळीत राहिले. एकेक उचलून फुंकला, दारूचा कण न कण झाडला. मग तिची उशी घेतली आणि कोपऱ्यातून ते परत आत घातले. सुई मला ओवता येईना. आनंदनं ओवून दिली. शिवलं मी.

अकरा वाजता फ्युनरल होमला गेलो. तिच्या डोक्याखाली त्यांनी साटीनची चकचकीत उशी ठेवली होती. मी म्हटलं, ती काढा. तिथला काळ्या सुटातला माणूस आनंदला हळू आवाजात काही सांगायला लागला, ते असं असतं, तसं करत नाहीत. मी उशी छातीशी धरून उभा राहिलो. आनंदनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पुढं झाला, दोन्ही हात आईच्या मानेखाली घातले आणि डोकं उचलून धरलं.

"घाला, बाबा."

माझी शिवण वाकडी आली होती. ती बाजू मी खाली केली.